सिस्टरच्या हातांचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या नेहमीच्या बैठकीला एक तरुण बाई आपल्या आईबरोबर आली होती. सिझेरियन होऊन सहा आठवडे झाले होते. घरी गेल्यावर टाके पिकले, ताप चढला, पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. टाके उसवून जखम रोज साफ करायची, असे पंधरा दिवस तिनं काढले. बाळाला जवळ घ्यायचंही त्राण तिच्यात नव्हतं. आई संतापलेली होती. म्हणाली, "त्या सिस्टरनं शेजारच्या बाईचं ड्रेसिंग केलं आणि त्याच हातमोज्यांनी माझ्या पोरीचं केलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तक्रार करायचं ठरलं. आम्ही कागद पुढे ओढला. "कामात हलगर्जीपणा करणाऱ्या परिचारिकेवर कडक कारवाई व्हावी," असं पहिलं वाक्य लिहूनही झालं.

आमच्यातल्या एक जणी बावीस वर्षं नर्स म्हणून काम करताहेत. त्या इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अर्ज जरूर द्या. चूक झालीच आहे, ती मी झाकणार नाही. पण त्या रात्री वॉर्डात बाया किती होत्या आणि सिस्टर किती, ते आधी विचारा. हातमोज्यांचं खोकं बाहेर होतं की कपाटात कुलपात, ते विचारा. नळाला पाणी होतं का, ते विचारा. आणि सकाळी राऊंडला आलेल्या साहेबांनी किती जखमांना हात लावला आणि किती वेळा हात धुतले, तेही विचारा."

बैठक तिथेच थबकली. एका बाजूला रुग्ण बाई, दुसऱ्या बाजूला कामकरी बाई. आपण नेमक्या कुणाच्या बाजूच्या? त्या अर्धवट राहिलेल्या अर्जातूनच हे संपादकीय निघालं आहे.

दवाखान्यात माणूस बरं व्हायला जातं आणि तिथूनच नवा आजार घेऊन येतं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार श्रीमंत देशांत हॉस्पिटलात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथेच किमान एक तरी जंतुसंसर्ग होतो. अशी लागण झालेल्या दर दहांतला सरासरी एक दगावतो. हात नीट धुण्यासारख्या साध्या, स्वस्त उपायांनी यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात, असंही तोच अहवाल सांगतो. उपाय इतका साधा आहे, तर तो होत का नाही?

याचं तयार उत्तर असतं : सिस्टर निष्काळजी आहेत, त्यांना प्रशिक्षण द्या. मग एक दिवसाचं शिबिर होतं, भिंतीवर 'हात धुवा' असं पोस्टर लागतं. शिबिर हवंच. पण सगळा दोष एका बाईच्या स्वभावावर टाकला की व्यवस्थेला काही बदलावं लागत नाही. घरात पोराला जुलाब झाले की "आईनं हात धुतले नसतील" म्हणायचं आणि हंडाभर पाण्यासाठी ती किती लांब चालते ते पाहायचं नाही, त्यातलाच हा प्रकार.

ही गोष्ट जुनी आहे. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सुमारे १० टक्के बाळंतिणी सूतिकाज्वरानं मरत. सुईणींच्या विभागात त्याच्या निम्म्याहूनही कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. 'आम्हाला डॉक्टरांकडे नको, सुईणींकडे पाठवा' अशा त्या गयावया करत. त्यांचं कोण ऐकणार? इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरीचा घाव लागून मेला, आणि त्याची लक्षणं बाळंतिणींसारखीच निघाली. तेव्हा त्याला उलगडा झाला. प्रेतं फाडून आलेले हात तसेच बाळंतिणीच्या अंगात जात होते. १८४७ साली त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं आणि पुढच्या वर्षभरात मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. पण आपले हात घाण असतील, हे मान्य करणं बड्या डॉक्टरांना अपमानाचं वाटलं. सेमेलवाइसची टवाळी झाली. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून तो गेला.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. बाळंतिणींना जे कळत होतं ते शास्त्रानं उशिरा मानलं. आणि हात धुण्यात आड आलं ते अज्ञान तर होतंच, पण मोठेपणाही होता.

हा मोठेपणा आजही वॉर्डात फिरतो. सिस्टर मावशीला म्हणू शकते, "हात धुऊन ये." पण मोठ्या डॉक्टरांना तीच सिस्टर हे म्हणू शकते का? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक साधी गोष्ट करून पाहिली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या शिरेत नळी घालण्याआधी पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली. हात धुणं ही त्यातली पहिली. आणि डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली तर त्यांना तिथेच थांबवायचा अधिकार नर्सला दिला. दीड वर्षात नळीतून होणारे रक्ताचे संसर्ग दोन-तृतीयांशानं कमी झाले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. बाईला 'थांबा' म्हणायची मुभा मिळाली आणि तिच्या पाठीशी व्यवस्थापन उभं राहिलं, हा त्यातला मोठा बदल. आपल्याकडे किती हॉस्पिटलांत ही मुभा आहे?

आता वेळेचा हिशेब करू. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा स्राव हाताळल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर, अशा पाच वेळा हात स्वच्छ करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निर्जंतुक द्रव चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्यानं ४० ते ६०. समजा, एका पाळीत एका रुग्णाकडे पाच वेळा जावं लागलं आणि जाताना-येताना हात स्वच्छ केले, तर झाले दहा वेळा. पाच रुग्ण असतील तर तीस सेकंदांच्या हिशेबानं पंचवीस मिनिटं लागतात. चाळीस रुग्ण असतील तर तीन तास वीस मिनिटं! नुसते हात स्वच्छ करायला. मग इंजेक्शनं कधी, सलाईन कधी, ड्रेसिंग कधी, नोंदवही कधी?

सर्वसाधारण वॉर्डात तीन ते पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्रपाळी केलेल्या कुठल्याही सिस्टरला हा निकष वाचून दाखवा. ती हसेल. म्हणून आमचं म्हणणं आहे की रिक्त पदं भरणं हा संसर्ग रोखण्याचा पहिला उपाय आहे. ती मागणी फक्त नर्सेसच्या युनियनची नाही, वॉर्डात पडलेल्या प्रत्येक बाईची आहे.

संसर्गाची वाट एकाच बाजूनं जात नाही. सुई टोचणं ही नर्सच्या आयुष्यातली रोजची भीती आहे. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, हे शिकवलेलं असतं. पण सुई टाकायचा डबा वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असेल तर घाईत टोपण बसवलं जातं आणि बोटात सुई घुसते. टोचलेली सुई हेपटायटिस बी झालेल्या रुग्णाची असेल आणि नर्सनं लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीन इतकी आहे. हेपटायटिस बी ची लस आहे, तीन डोसांची. एचआयव्हीसाठीही औषधं आहेत. शक्य तर दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. पण त्यासाठी सुई टोचली हे सांगावं लागतं. आणि सांगितलं तर "लक्ष कुठं होतं?" हा पहिला प्रश्न येतो. कंत्राटी असेल तर नोकरीची भीती, लग्न ठरायचं असेल तर बभ्र्याची. कितीतरी जणी बोट धुऊन गप्प बसतात.

आणि कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेली सुई टोचते ती मावशीला, सफाई कामगाराला. तिला तर हातमोजेही धड मिळत नाहीत. या कामाला जातीची उतरंड चिकटलेली आहे, हे आपण विसरता कामा नये. रक्त, मलमूत्र, वार यांना हात लावणं विटाळाचं मानून ते ठराविक जातींच्या बायकांवर ढकललं गेलं. सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे. सोवळ्यात माणसाला दूर ठेवतात आणि जंतू राहतात तिथेच राहतात. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांना हात लावला, त्यांची सेवा केली आणि त्याच प्लेगनं १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांना वंदन करतो. पण आज तेच काम करणारी मावशी विनालस आणि विनाहातमोजे काम करते, ते आपल्याला टोचत नाही.

कायदा काय म्हणतो? जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे आरोग्य कर्मचारी आणि असा कचरा हाताळणारे इतर सगळे, यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी करणं, पुरेशी संरक्षक साधनं पुरवणं, ही दवाखान्याची जबाबदारी आहे. 'इतर सगळे' यात कंत्राटदाराची बाईही येते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंही सुरक्षित कामाची जागा आणि सुई टोचल्यानंतरची औषधं देणं बंधनकारक केलं आहे. हे कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. हा हक्क आहे.

साधनं हवीत तशी जागाही हवी. वॉर्डातले कपडे घालून घरी जाऊ नये, हा संसर्ग टाळण्याचा साधा नियम. पण सिस्टरनं कपडे बदलायचे कुठं? हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर अरुणा शानबाग आठवा. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्युटी संपल्यावर ती कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथे तिच्यावर हल्ला झाला. त्यानंतर बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, ती तिथल्याच एका खाटेवर होती. केईएमच्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या तिची सेवा केली. तिला कूस वळवून दिली, अंग पुसलं, भरवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर जखम होऊ दिली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या सेवेची मुक्तकंठानं प्रशंसा केली. संसर्ग रोखणं म्हणजे काय, याचा याहून मोठा पुरावा कुठला? पण झालेला संसर्ग मोजला जातो, न झालेला नाही. म्हणून हे काम घरकामासारखंच अदृश्य राहतं. केलं तर दिसत नाही, राहिलं तर बोल लागतो.

दिसतं तेव्हाही गौरव वेगळाच होतो. मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली. बहुतेकांना लागण हॉस्पिटलांतच झाली. पहिल्या रुग्णांपैकी एकाची सेवा करणारी पेरांब्राची नर्स लिनी पुदुशेरी त्यात गेली. २०२० मध्ये करोना आला. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे ला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. त्याच दिवसांत काही ठिकाणी रेनकोट घालून काम चाललं होतं आणि नर्सेसना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगितलं जात होतं. बाईला देवी म्हटलं की तिला मास्क मागता येत नाही. आपल्याला देव्हाऱ्यातल्या सिस्टर नकोत. ड्युटी संपवून धडधाकट घरी परतणाऱ्या सिस्टर हव्यात.

आता दुसरी बाजू. हे सगळं लिहून आम्ही नर्सेसना दोषमुक्त करतो आहोत का? नाही. प्रसूतिगृहात बाईवर ओरडणारी सिस्टर आपल्या ओळखीची आहे. एचआयव्ही असलेल्या बाईची खाट कोपऱ्यात लावणारी, तिच्या केसपेपरवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिणारीही आहे. खरं तर शास्त्र नेमकं उलट सांगतं. कुणाच्या रक्तात काय आहे ते दिसत नाही, म्हणून प्रत्येकाचं रक्त सारखंच मानून सारखीच काळजी घ्या. सगळ्यांना सारखं वागवलं की भेदभावही टळतो आणि संसर्गही. हे तत्त्व प्रत्येक सिस्टरनं पाळायला हवं, आणि ते न पाळणारीला आपण जाब विचारायलाच हवा.

पण जाब खालच्या पायरीवरच थांबला तर काय होतं, ते छत्तीसगढमधल्या बिलासपूर जिल्ह्यानं दाखवलं. ८ नोव्हेंबर २०१४ ला एका बंद पडलेल्या हॉस्पिटलात नसबंदीचं शिबिर भरलं. एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नियमाप्रमाणे दिवसाला ३० च्या पुढे जायला नको होतं. १३ बायका गेल्या. जंतुदोष झाला की गोळ्यांत विष होतं, यावर पुढे वाद झाला. पण इतक्या वेगात उपकरणं नीट निर्जंतुक होणं शक्य नाही, यावर वाद असायचं कारण नाही. तिथल्या एखाद्या सिस्टरला 'थांबा, उपकरण उकळू द्या' म्हणता आलं असतं का? सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं, ते बायका आणि कार्यकर्त्या लढल्या म्हणून.

तर मैत्रिणींनो, आपल्या गावच्या, वस्तीच्या दवाखान्यात जाऊन आपण काही साधे प्रश्न विचारू या. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती नर्स असतात? बाळंतपणाच्या खोलीत चोवीस तास पाणी आणि साबण असतो का? हातमोजे कुणाच्या ताब्यात असतात? सुया टाकायचा डबा हाताशी आहे का? कंत्राटी बायांसह सगळ्यांना हेपटायटिस बी ची लस दिली का, त्याची नोंद कुठे आहे? सुई टोचली तर रात्री दोन वाजता औषध कुठे मिळतं? कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का? सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात हे मांडता येतं. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात मागता येतं. आणि हे प्रश्न विचारायला जाताना तिथल्या सिस्टरना आणि मावशींना बरोबर घेऊ या. आजवर आपण त्यांच्याकडे रुग्णाची बाजू घेऊन गेलो, मैत्रीण म्हणून फारशा गेलोच नाही.

त्या दिवशीचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. झालेली चूक स्पष्ट लिहिली. त्या तरुण बाईच्या उपचारांचा खर्च भरून द्यावा, ही पहिली मागणी ठेवली. त्या रात्रीचा ड्युटी-चार्ट आणि हातमोज्यांच्या साठ्याची नोंद दाखवावी, ही दुसरी. वॉर्डात आणखी एक बेसिन बसवावं आणि रात्रपाळीला नर्सेस वाढवाव्यात, ही तिसरी. अर्जावर पहिला अंगठा त्या आईचा आहे. दुसरी सही आमच्या नर्स मैत्रिणीची. सही करताना त्यांचा हात जरा थरथरला, कारण उद्या त्यांनाही कुणी विचारेल, 'तुम्ही कुणाच्या बाजूच्या?' आईनंच त्यांचा हात धरला.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की पुढच्या अंकात छापू. तोवर तुमच्याकडच्या दवाखान्यात या प्रश्नांची काय उत्तरं मिळतात, ते आम्हाला जरूर कळवा. नर्स, आया, सफाईचं काम करणाऱ्या मैत्रिणींनी तर आवर्जून लिहावं. नाव छापायचं नसेल तर तसं सांगा.

आपल्या,
संपादक मंडळातील साऱ्याजणी